बिनआवाजी पोकलेन

“मग बेडरूमच्या पडद्यांचं काय करू?” असं मी विचारलं आणि चरातून उत्तर आलं, “कुठल्या पडद्यांचं?”

माझे दोन्ही हात जागच्या जागी थांबले. बकेट ढिगाऱ्यावर अधांतरी, तिच्यातून निळसर चिकणमाती ठिबकतेय, आणि खाली चरात योस्टाइन पाइपाच्या तोंडाला रबरी कडं बसवता बसवता मान वर करून माझ्याकडे बघतोय. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, तेच वाईट. माणसाला खरंच मदत करायची असते तेव्हा चेहरा जसा होतो तसा झाला होता. मे महिन्यातलं पहिलं खरं ऊन पडलं होतं म्हणून मी केबिनची पुढची काच वर सरकवली होती. ऑस्लोत असं ऊन पडलं की माणसं घरात थांबत नाहीत. सागेनेच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना बाल्कन्या, बाल्कन्यांत डोळे मिटून बसलेली माणसं, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध माझं वाक्य जाऊन पडलं होतं. “काही नाही,” मी म्हणालो. “पडदे म्हणालास तू.” “काही नाही म्हटलं ना.” “बरं,” तो म्हणाला आणि पुन्हा कड्याकडे वळला. आमच्याकडे ‘बरं’ म्हटलं की विषय संपतो, निदान वरवर. पण वळताना त्याने शेजारच्या पाइपवाल्याकडे एक नजर टाकली ती मी पाहिली, आणि त्या नजरेत आश्चर्य नव्हतं. म्हणजे हे पहिलं वाक्य नव्हतं. नवं मशीन आलं त्या सोमवारपासून मी जे जे बोललो होतो ते ते त्यांनी ऐकलं होतं. काय काय बोललो होतो ते आठवायला लागलो. फ्रिजमधल्या वासाबद्दल. गुनवोरच्या बहिणीबद्दल, आणि ते काही चांगलं नव्हतं. गुडघ्याबद्दल. आणि मंगळवारी, अरे देवा, मंगळवारी मी गुनवोरला म्हणालो होतो की तुझ्या उशीचा अभ्रा मी अजून धुवायला टाकलेला नाही.

ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाच्या हातून झाली नसती. शिक्षकाला, बँकेतल्या माणसाला, दुकानदाराला आपला आवाज किती लांब जातो ते ठाऊक असतं. मी जन्मभर डिझेलच्या आवाजात बसलेला माणूस. पाठीमागे हातभर अंतरावर सहा सिलिंडर धडधडत असताना पोकलेनच्या केबिनमध्ये माणूस काहीही करू शकतो. शिव्या देऊ शकतो, गाऊ शकतो, रडू शकतो, आणि खाली उभ्या असलेल्या कुणालाही त्यातलं काही कळत नाही. खालच्यांशी बोलायचं ते हातांनी. मूठ म्हणजे थांब, तळहात खाली म्हणजे हळू, बोट वर करून फिरवलं की उचल. योस्टाइनचं आणि माझं एवढ्या वर्षांचं जे काही नातं आहे ते या खुणांतलं. तो मत कुणाला देतो मला माहीत नाही, त्याला मुलं किती तेही नक्की सांगता येणार नाही. पण पन्नास माणसांचे नुसते हात दाखवले तर त्यातून त्याचा हात मी काढून देईन. आणि आता हे नवं मशीन. शहराच्या कामांवर धूर सोडणारं यंत्र चालणार नाही असा नियम झाला, आणि माझं जुनं, माझ्या पाठीच्या मापाने झिजलेल्या सीटचं मशीन कुठेतरी बाहेरगावी धाडून मला पंचवीस टनांचं हे बॅटरीवालं दिलं. पहिल्या दिवशी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. मी पुन्हा दाबलं. सिव, म्हणजे आमच्या साइटची साहेब, खालून ओरडली, “आर्नफिन, चालू आहे रे ते! चालू होतं ते तू आत्ता बंद केलंस.” सगळे हसले. मीही हसलो. दोन दिवसांत हात शिकले, डोळे शिकले. जीभ मात्र शिकली नाही. तिला वाटत राहिलं की आपण अजून त्या जुन्या गोंगाटाच्या आडोशालाच आहोत.

गुनवोर म्हणजे माझी बायको. तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत ती गेली. हे आता सांगतोय तसं सरळ वाक्य मी त्या मे महिन्यापर्यंत कुणापुढेही उच्चारलेलं नव्हतं. वेळच आली नव्हती. ज्यांना कळायचं त्यांना आपोआप कळलं, ते चर्चमध्ये आले, हात दाबले, कॉफी प्यायले आणि गेले. योस्टाइनही आला होता, काळ्या कोटात ओळखू आला नाही. दारातून जाताना त्याने मला तळहात खाली करून खूण केली, हळू. पुढच्या सोमवारी मी कामावर गेलो, इंजिन चालू केलं, दार ओढून घेतलं, आणि तोंडातून आपसूक निघालं, “चला, लागतो गं कामाला.” ती म्हणाली, “डबा घेतलास ना?” मी म्हणालो, “घेतला.” असं ते सुरू झालं. यात गूढ वगैरे काही नाही आणि मी भ्रमिष्ट नाही. माणूस मेलेला आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, जसं पृथ्वी फिरते हे ठाऊक असतं. पण पृथ्वी फिरते म्हणून कुणी तोल सावरत चालत नाही.

घरी हे जमत नसे. अम्मेरूदला आठव्या मजल्यावर आमचं घर. तिथे मी तोंड उघडलं की माझा आवाज भिंतीला लागून माझ्याच कानांवर यायचा, आणि तिचा यायचा नाही. लगेच उघड व्हायचं की इथे एक आवाज आहे आणि एक नाही. केबिनमध्ये तसं नव्हतं. तिथे मलाही माझा आवाज ऐकू येत नसे, फक्त जबड्यात बारीक थरथर जाणवायची. दोघांचेही बोल त्या धडधडाटात सारखेच बुडालेले. त्यामुळे आम्ही बरोबरीला होतो. मी विचारायचो, ती सांगायची. मी चिडायचो, ती त्याहून जास्त चिडायची. स्टोव्हवर दूध उतू गेलं की ती हसायची, पगारवाढ नाकारली की सिवला नावं ठेवायची, पाऊस लागला की पायमोजे बदलायला सांगायची. दिवसभर आम्ही असे एका काचेच्या खोलीत, मातीचा एकेक घास उचलत, बाजूला टाकत. लग्न होऊन एवढी वर्षं झाली पण आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. ती होती तेव्हा मी घरी यायचो, जेवायचो आणि खुर्चीत झोपायचो. ती म्हणायची, “तुझ्याशी लग्न केलं की तुझ्या घोरण्याशी?” मी म्हणायचो, “रविवारी बोलू.” किती रविवार आले आणि गेले याचा विचार मी करत नाही.

आणि गंमत बघा, ज्या आवाजात ती मला भेटायची त्याच्याशी, त्या धुराशी तिचं उभ्या जन्माचं वैर. ती बालवाडीत शिकवायची. आधी दमा, मग दम्याच्या पुढचं जे काय असतं ते. शेवटी शेवटी लिफ्ट आणि घराच्या दारामध्ये खुर्ची ठेवावी लागली. आयुष्यात तिने कधी सिगरेट ओढली नाही. डॉक्टरांनी माझ्या कामाचं नाव कधी घेतलं नाही. शहरातला रस्ता आहे, थंडी आहे, तिच्या वडिलांचीही छाती तशीच होती. तिनेही घेतलं नाही. पण मी कामावरून आलो की दारातच कपडे काढायचे, पिशवीत घालायचे, आणि ती पिशवी बाल्कनीत. आधी अंघोळ, मग “काय म्हणतेस”. टबात काळं कडं राहायचं. रुमालात काळं यायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. दिवसभर राबल्याची ती खूण वाटायची. मग एकेक सुधारणा आली. जेवताना इंजिन नुसतं चालू ठेवू नका असा फलक लागला. मग सायलेन्सरवर काजळी अडवणारी जाळी बसली. मग वनस्पती तेलाचं डिझेल आलं, तेव्हा ती दारातच नाक वर करून म्हणाली, “आज बटाटे तळून आलास वाटतं.” प्रत्येक वेळी आम्ही साइटवर कुरकुर केली आणि प्रत्येक वेळी घरी ती खूश झाली. हॉस्पिटलमध्ये असताना तिने पेपरात बॅटरीवरच्या पोकलेनची बातमी वाचली आणि मास्क बाजूला करून म्हणाली, “तुझं मशीन आता टेबलावरच्या दिव्यासारखं भिंतीतल्या प्लगला लावणार, आर्नफिन.” मी म्हणालो, “माझ्या हयातीत नाही लावत.” ती म्हणाली, “माझ्या नाही. तुझ्या लावतील.” आणि पुन्हा मास्क लावून पुढचं पान वाचायला लागली.

त्या पडद्यांच्या दिवशी अकरा वाजले आणि जेवणाची सुट्टी झाली. आधी मी केबिनमध्येच जेवायचो, हिवाळ्यात तर फलक असो नसो इंजिन चालू ठेवून, पाय हीटरवर. आता सुट्टीत मशीनला जाडजूड केबल लावतात, ते तासभर वीज पितं, आणि तेवढा वेळ मला खाली जेवणाच्या कंटेनरमध्ये सगळ्यांच्यात बसावं लागतं. मी आत शिरलो तेव्हा बोलणं तुटलं. टेबलावर सगळे आपापल्या पावाच्या चकत्यांवरचे कागद मोठ्या काळजीने उलगडायला लागले, जणू आत दागिने आहेत. मी तपकिरी चीजचा तुकडा तोंडात घातला आणि तो चिकणमातीसारखा टाळूला चिकटला. योस्टाइनने कॉफी ओतली.

“आम्हाला इतकी वर्षं वाटायचं की तू गातोस,” तो म्हणाला.

“कोण गातो?”

“तू. काचेतून ओठ हलताना दिसायचे. आमच्यात पैजा लागायच्या, चर्चमधलं गातोय की नाचातलं.”

“मग? जिंकलं कोण?”

“पैज मोडली ना सोमवारी,” तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. बाकीचे कॉफीत बघत होते. मग तो हळूच म्हणाला, “बोलत जा की रे. आमच्या बापाचं काय जातंय. आम्ही ऐकत नाही.”

“बरं,” मी म्हणालो.

ऐकत नाही म्हणजे काय, कानांना काय दारं असतात? दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपांच्या थप्पीवर एक मोठा पिवळा रेडिओ होता. योस्टाइन घरून घेऊन आला होता. त्याने तो पूर्ण आवाजात लावला, माझ्याकडे न बघता चरात उतरला आणि कामाला लागला. रेडिओ कशासाठी आहे ते मला पहिल्याच गाण्यात कळलं: तो माझ्यासाठी आडोसा होता. मला रडूही आलं आणि त्याच्या डोक्यात तो रेडिओ घालावा असंही वाटलं. लोकांचा राग सोसता येतो, थट्टा तर मी चघळून खातो. पण पाइप बसवणारा एक माणूस आपल्या घरचा रेडिओ आणून माझ्या एकटेपणाला छप्पर घालतो, हे कसं सोसायचं? मी काच खाली ओढली, ओठ घट्ट मिटले आणि खणत राहिलो. जेवणाच्या आधीच समोरच्या इमारतीतली एक म्हातारी कुत्र्याला घेऊन कुंपणाशी आली. “महिनाभर पत्रकं वाटलीत,” ती म्हणाली, “शांत यंत्र, स्वच्छ यंत्र, खिडक्या उघड्या ठेवा. ठेवल्या. आता हा काय तमाशा?” योस्टाइन म्हणाला, “अहो, काम करताना थोडी गाणी बरी वाटतात.” “तुम्हाला बरी वाटतात. डिझेल परवडलं म्हणायची पाळी आणलीत माझ्यावर!” रेडिओ बंद झाला. त्यानंतर रस्त्यावर जी शांतता पसरली तिच्यात मला फावड्याला लागलेला खडा ऐकू येत होता, तिसऱ्या मजल्यावर कपात चमचा फिरत होता तो ऐकू येत होता, आणि चरातल्या दोन माणसांचं मुद्दाम काही न ऐकणं तर सगळ्यात मोठ्याने ऐकू येत होतं.

मनातल्या मनात बोलून बघितलं. कुणीही हेच सुचवेल, आणि मीही स्वतःला तेच सुचवलं. पण मनातल्या मनात बोलणं म्हणजे विचार, आणि विचार सगळे माझेच. त्यात ती कुठून शिरणार? मी विचारायचो, पडद्यांचं काय करू, आणि उत्तर यायचं, धुऊन टाक. हे माझं उत्तर होतं. गुनवोरने असं सरळ उत्तर जन्मात दिलं नसतं. ती आधी विचारती, पडदे आठवायला आजच कसे सुचले? शनिवारी घरी व्हॅक्यूम क्लीनर चालू करून दिवाणखान्याच्या मध्यात ठेवला आणि त्याच्या आवाजात हाक मारून बघितली. मग स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखाही लावला. साठी उलटलेला माणूस, पायमोज्यांवर, व्हॅक्यूम क्लीनरशी बोलतोय. त्याचा आवाज बारीक, किरकिरा, त्याच्यात कुणी राहू शकत नाही. खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर ठोकलं तेव्हा मी तो बंद केला आणि जमिनीवर बसून राहिलो. आठवड्याभरात ती माझ्या हातातून निसटत चालली होती. ती कुठल्या शब्दावर जोर द्यायची ते मला आठवेना. एका मशीनने माझी बायको माझ्यापासून दुसऱ्यांदा नेली असं मला वाटलं, आणि पहिल्यांदा कुणी नेली तो विचार मी लगेच बाजूला सारला.

सोमवारी मी सिवकडे गेलो. म्हणालो, मला हुर्दालच्या दगडखाणीवर पाठव. तिथे आमच्या लोकांचं काम चालतं, शहराचा नियम तिथवर पोचत नाही आणि जुनी मशीनं अजून डिझेलवर आहेत. सिव माझ्याकडे बघतच राहिली. “सगळे ऑपरेटर या मशीनसाठी माझ्या मागे लागलेत,” ती म्हणाली. “डोकं दुखत नाही, कपडे काळे होत नाहीत, संध्याकाळी बायकोचा आवाज ऐकू येतो म्हणतात. आणि तुला ते जुनं धुराडं हवंय?” ‘बायकोचा आवाज’ म्हटल्यावर ती एकदम टेबलावरचे कागद सरळ करायला लागली. तिच्यापर्यंतही पोचलं होतं तर. मी म्हणालो, “शांततेत माझे कान वाजतात.” हे काही सर्वस्वी खोटं नव्हतं. “आठवडाभर जाऊन बघ,” ती म्हणाली, आणि मी दाराशी पोचल्यावर मागून म्हणाली, “योस्टाइनला सांगितलंस?” मी नव्हतं सांगितलं. लांबून बघितलं, तो चरात होता. त्याने हात वर करून तळवा फिरवला, म्हणजे ‘काय झालं?’ मीही हात वर केला. आमच्या खुणांत ‘जातो’ अशी खूण नव्हती. तिची कधी गरजच पडली नव्हती.

हुर्दालच्या वाटेवर पुढे जंगल लागतं. गाडी चालवताना मला कसं वाटत होतं सांगू? लग्नाआधी तिला भेटायला जाताना वाटायचं तसं. दाढी नीट केली होती, डबाही निगुतीने भरला होता. आज दिवसभर बोलायचं. पडद्यांपासून सुरुवात करायची की रेडिओपासून, हे मी ठरवत होतो. योस्टाइनची गोष्ट ऐकून ती काय म्हणेल? आणि तेवढ्यात, वळणावर, मला सुचलं की सगळ्यात आधी ती विचारणार, आज कुठे आहेस? मी गाडीचा वेग कमी केला. गुनवोरशी खोटं बोलता येत नसे. मला खोटं जमत नसे असं नाही, सिवला कालच गुंडाळून आलो होतो. पण तिचं नाक! दारातच तिला कळायचं की आज मशीन कुठलं होतं, जाळी बदलली की नाही. एकदा हिवाळ्यात मी म्हणालो, जेवताना इंजिन बंद ठेवलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आर्नफिन.” बस, एवढंच, शेवटचं अक्षर लांबवून. मी तिथेच, अर्ध्या कपड्यांत, सगळं कबूल केलं. ती माझी चूक पकडायची तेव्हा मला कधी राग आला नाही. कुणीतरी आपल्याला इतकं ओळखतं या गोष्टीत मोठी ऊब असते. ती ऊब मला हवी होती, म्हणून तर मी चाललो होतो. पण तिला काय सांगणार? तू ज्या दिवसाची वाट बघत होतीस तो आला, आणि त्या दिवसापासून मी पळून इथे आलो? ज्याने तुझा श्वास अडायचा त्यातच तुला भेटायला आलोय?

खाणीचा मुकादम तोरमोद, दाढीवाला, गाल वाऱ्याने भाजलेले. त्याने मशीन दाखवलं. माझंच जुनं मशीन होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण सीटवर बसताच पाठीला कळलं. किल्ली फिरवली. सायलेन्सरमधून काळा लोट वर गेला, मग करडा, मग सगळी केबिन थरथरायला लागली आणि तो आवाज आला, खालून, पाठीतून, दातांतून. मी दार ओढून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, धुराने नव्हे. आठ-दहा बकेटी नुसता भरत राहिलो, डंपर आला, भरला, गेला. हात आपोआप चालत होते. मग मी म्हणालो, “गुनवोर.” जबडा थरथरला. आवाज ऐकू आला नाही, अगदी पूर्वीसारखा. आणि ती म्हणाली, “कुठे आहेस आज?”

मी म्हणालो, “सागेनेला गं. नव्या मशीनवर.”

आणि थांबलो. बकेट हवेत होती, दुसरा डंपर खाली येऊन उभा होता. मी थांबलो ते तिच्या ‘आर्नफिन’साठी. माझ्या सगळ्या अंगाला त्या धुराचा वास येत होता, केसांना, हातांना, जिभेला. काच धुरकट होती. आंधळ्या माणसालाही कळलं असतं मी कुठे आहे ते. डंपरवाल्याने हॉर्न वाजवला असणार, कारण तो हातवारे करताना दिसत होता. मी वाट बघत राहिलो. मग ती म्हणाली, “छान. शांत आहे का ते?” अगदी समाधानाने म्हणाली. माझं खोटं तिला पचलं होतं. जिला पचलं ती गुनवोर नव्हती. तो मीच होतो, तीन वर्षं मीच, एका काचेच्या पेटीत स्वतःला डबा घेतलास का विचारणारा आणि घेतला म्हणून सांगणारा. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तोवर कधी तिला खोटं सांगायची वेळ आली नव्हती, म्हणून ते झाकून राहिलं होतं. माझ्या बायकोला मी कुठेही लपलो तरी सापडायचो. आणि आता मला शोधणारं कुणी नव्हतं. मी कुठेही जाऊन काहीही बोललो तरी जगात कुणालाही ते खटकणार नव्हतं. इतकं एकटं मला चर्चमध्ये वाटलं नव्हतं, आठव्या मजल्यावर वाटलं नव्हतं. मी बकेट हळूच जमिनीवर टेकवली आणि इंजिन बंद केलं.

तोरमोद धावत आला. डंपरवाल्याला त्याने हाताने मागे घेतलं आणि पायरीवर एक पाय ठेवून दार उघडलं. “काय झालं? बंद पडलं? या मशीनचा पंप जरा नाटकं करतो.”

“मशीन ठीक आहे,” मी म्हणालो. “माझी बायको वारली.”

त्याने हेल्मेट काढलं. कपाळावर हेल्मेटचा लाल वळ उठला होता. “अरे देवा,” तो म्हणाला. “आत्ता फोन आला? तू उतर, उतर तू खाली. गाडी चालवू नकोस, मी सोडतो तुला. कुठल्या हॉस्पिटलला?”

“तीन वर्षं झाली,” मी म्हणालो.

तो तसाच उभा राहिला, एक पाय पायरीवर, हेल्मेट छातीशी. माझी थट्टा चाललीय का हे तो माझ्या चेहऱ्यावर शोधत होता. हेल्मेट परत घालावं की नाही ते त्याला समजेना. डंपरवाला लांबून ओरडला, “काय रे, चहापाणी आटपलं का?” तोरमोदने न बघताच मागे हात करून मूठ दाखवली, थांब. मग तो पायरीवरच बसला, माझ्याकडे अर्धी पाठ करून, दोन्ही हातांत हेल्मेट फिरवत. मशीन थंड होताना टिकटिक करत होतं.

“नाव काय होतं तिचं?” त्याने विचारलं.

तीन वर्षं दिवसातून शंभरदा मी ते नाव घेत आलो होतो. तरी ते सांगायला मला वेळ लागला, आणि तो थांबला.